तळाची पिशवी

धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक दुकान होतं, तिथे बेटावर चालायला जाणाऱ्यांच्या सॅका भरून मिळत. आता सॅक भरायला दुकान कशाला लागतं, असं कुणी विचारील. ज्याने बेट पाहिलेलं नाही तोच विचारील. बोट आठ दिवसांनी एकदा जायची, तीही समुद्राची मर्जी असली तर. एकदा उतरलं की तिथे ना दुकान, ना दवाखाना, ना हाकेला ओ देणारं कुणी. उतरायच्या जागी एक खोली, त्या खोलीत एक रखवालदार आणि त्याच्याजवळ एक वायरलेस, एवढाच काय तो कारभार. जे घरी राहिलं ते राहिलं, आणि जे उगाच घेतलं ते आठ दिवस पाठीवर.

दुकानाच्या मालकाला सगळा गाव मामा म्हणायचा, आणि त्याची पाठ वळली की ग्रॅममामा. वजनाच्या बाबतीत माणूस वेडा होता. गिऱ्हाइकाने टेबलावर सामान मांडायचं आणि मामाने एकेक वस्तू तराजूवर टाकत तोंडाचा पट्टा सोडायचा. दोन टॉवेल कशाला, अंग एकच आहे ना? आरसा कुणासाठी, समुद्रपक्ष्यांसाठी? टूथब्रशचा दांडा तो करवतीने अर्धा कापून हातात ठेवायचा. औषधांची पुठ्ठ्याची खोकी केराच्या टोपलीत जायची. एका प्राध्यापकाच्या जाडजूड पुस्तकातली वाचून झालेली पानं त्याने खरोखर फाडून ठेवून घेतली होती. माणसाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं उचलायचं नाही, हा त्याचा कायदा. आपल्या पायांनी चालत येऊन ही बोलणी खायची म्हणजे काय, असं लोक पुटपुटायचे, आणि पुढच्या वेळी मुकाट्याने पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

सॅकचे तो तीन भाग पाडायचा. वर रोजचं सामान, मध्ये मुक्कामाचं, आणि सगळ्यात खाली एक गाठ मारलेली पिशवी, अडीअडचणीच्या वस्तूंची. जास्तीच्या बॅटऱ्या, जखमेचं सामान, कुणी नेणार असेल तर दोर. ही तळाची पिशवी तो दुसऱ्या कुणाला भरू द्यायचा नाही. गाठ मारताना दटावून सांगायचा, खरंच अडल्याशिवाय हिला हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी सगळी सॅक उपसून बसणारे लोक निम्मं सामान वाटेत विसरतात, असं त्याचं मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

सॅक भरून झाली की सामानाची यादी व्हायची, तीन प्रतींत. एक सॅकच्या वरच्या कप्प्यात, एक दुकानात, एक धक्क्यावरच्या कचेरीत, आणि तिन्हींवर भरणाऱ्याची सही. हा नुसता कागदी खटाटोप नव्हता. बेटावर कुणी हरवलं तर शोधपथक आधी यादी मागायचं, कारण तिथे माणूस कुठे जाईल हे त्याच्या मनापेक्षा त्याच्या सॅकवर ठरतं. तंबू असला तर तो उघड्यावर मुक्काम करतो, नसला तर गुहा शोधतो. पाणी संपत आलं की ओढ्याकडे वळतो. बावीस वर्षांत तीन माणसं अशी यादीवरून सापडली होती, तिघंही जिवंत, तिघांच्याही यादीवर मामाची सही. समोरच्याला वेळ असो नसो, मामा ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला सोडत नसे.

मामाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, नवरा गेला तेव्हा ती चार वर्षांची लेक घेऊन भावाकडे आली ती कायमचीच. मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून ती सॅकांचे तुटके पट्टे शिवायची. लेक काउंटरखालीच वाढली. सातव्या वर्षी पोरगी वस्तू नुसती हातात घेऊन वजन सांगू लागली, आणि चुकली तर पाच-दहा ग्रॅमांनी. तेव्हापासून ती मामाच्या गळ्यातला ताईत. अख्ख्या गावाला सळो की पळो करून सोडणारा हा माणूस भाचीने डोळे वटारले की गप्प बसायचा.

ती सव्वीस वर्षांची झाली आणि तिला दुसऱ्या शहरात, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली. जायच्या आधी एकदा बेट फिरून यायचं, आणि तेही एकटीने, असं तिने ठरवलं. आजवर लोकांच्या सॅका भरल्या, आता एक माझी भर, असं ती मामाला म्हणाली. ताईने दोन दिवस अबोला धरला. शेवटी मामानेच तिची समजूत घातली. सॅक मी भरतोय ना, मग काळजी कसली, हे त्याचे शब्द.

बुधवारी दुपारी दोघं टेबलाशी बसली. भाचीचं वजन बावन्न किलो, त्याचा पाचवा हिस्सा दहा किलो आणि चारशे. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी, गॅसची डबी, सहा दिवसांचं खाणं, पाणी, रेनकोट, शिट्टी, टॉर्च असं सगळं चढवत काटा दहा किलो तीनशेवर आला तेव्हा मामा खुशीत होता. तेवढ्यात भाचीने भिंतीवरचा दोर काढून टेबलावर ठेवला. बारा मीटरचा, बोटाएवढा जाड, आठशे ग्रॅम.

हा कशाला, असं मामाने विचारलं. मी उत्तरेच्या धारेने जाणार, असं ती म्हणाली.

बेटावर वाटा दोनच. दक्षिणेची वाट किनाऱ्याकिनाऱ्याने जाते, लांबची पण सोपी. उत्तरेची वाट डोंगराच्या धारेवरून जाते आणि शेवटी एका कड्यावर येऊन थांबते. कडा फार नाही, चार पुरुष उंच. खाली पश्चिम किनाऱ्यावरची लहानशी खाडी आणि त्या बाजूचा एकुलता एक ओढा; तिथून किनाऱ्याने फेरा पुरा होतो. दोर असला तर माणूस पंधरा मिनिटांत खाली उतरतो. दोर नसला तर आल्या वाटेने परत फिरायचं, दीड दिवस, वाटेत पाण्याचा थेंब नाही. कड्याच्या डाव्या हाताला एक घळ आहे, तीही खाली जाते, पण तिच्यातले दगड कधी पायाखालून जातील याचा नेम नाही.

मामाने दक्षिणेच्या वाटेचे गुण गायला सुरुवात केली. भाची बघू म्हणाली. तिचं बघू म्हणजे नाही, हे मामाला तिच्या चौथ्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याचा आवाज चढला. एका हट्टापायी आठशे ग्रॅम, असं तो म्हणाला. भाचीने शांतपणे विचारलं, "मामा, तू किती वेळा गेलायस बेटावर?"

दोन वेळा गेला होता, दोन्ही वेळा दक्षिणेने, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली होती. हे तिलाही माहीत होतं.

"मग वजन तू कर," ती म्हणाली, "वाट माझी मी बघते."

तिने स्वतःच्या हाताने यादीत दोर लिहिला, स्वतःच तो तळाच्या पिशवीत घातला आणि मामासमोर सहीला पेन धरलं. मामाने सही केली. मग ती एका मैत्रिणीचा निरोप घ्यायला गेली आणि मामा सॅकसमोर एकटा उरला.

नंतर त्याने स्वतःची कितीही समजूत घातली तरी तेव्हा जे झालं ते वजनापायी झालं नव्हतं. त्याला ते बोलणं झोंबलं होतं. त्याच्या दुकानात, त्याच्या तराजूपुढे, त्यानेच लहानाची मोठी केलेली पोर त्याला त्याची जागा दाखवून गेली होती. आणि रागाच्या खाली भीती होती, तीही खरी. दोर जवळ असला की माणसाला कडा खुणावतो, नसला की तो गुमान सोप्या वाटेने जातो, असा हिशोब त्याने मांडला. त्याने तळाच्या पिशवीची गाठ सोडली, दोर काढला आणि टेबलाच्या खणात टाकला. पिशवी पोकळ लागू नये म्हणून त्यात सुक्या अंजिरांचं पुडकं कोंबलं. अंजीर तिला फार आवडायचे. उद्या धक्क्यावर तिला सांगून टाकू, सांगितलं की ती दोन शब्द बोलेल आणि दक्षिणेने जाईल, असं ठरवून त्याने पुन्हा गाठ मारली.

गुरुवारी सकाळी धक्क्यावर ताई डोळे पुसत होती आणि भाची तिला हसवत होती. बोटीचा भोंगा झाला. भाचीने सॅक उचलून पाठीला लावली, दोन उड्या मारून पाहिल्या आणि मामाकडे बघून भुवया उंचावल्या.

"हलकी वाटतेय रे."

सांगायची वेळ ती हीच. मामाने तोंड उघडलंही. पण आजूबाजूला चार ओळखीचे उभे होते, दोघं त्याचीच गिऱ्हाइकं, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. नीट भरलेली सॅक हलकीच लागते, असं तो म्हणाला. हात आहे बाबा तुझा, असं म्हणून तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती फळीवरून बोटीत चढली.

बोट वळली तेव्हा मामाला वाटलं हाक मारावी. हाक कसली मारणार, इंजिनाच्या आवाजात. मग तो दिवसभर स्वतःला सांगत राहिला की ती दक्षिणेनेच जाईल. शुक्रवारी आणि शनिवारीही त्याने हेच सांगितलं, स्वतःलाच, कारण दुसरं कुणी विचारत नव्हतं. रविवारी आणि सोमवारी वादळ झालं. ताई खिडकीतून हलेना. तंबू चांगला आहे, असं मामा म्हणायचा, आणि तंबू खरोखरच चांगला होता.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत भाचीने बेटाचा फेरा पुरा करून रखवालदाराच्या खोलीवर पोचायचं होतं. बुधवारी सकाळी धक्क्यावरच्या कचेरीत वायरलेस आला की ती पोचलेली नाही.

शोधपथकाच्या प्रमुखाला सगळे मुकादम म्हणत, कारण आधी तो दगडाच्या खाणीवर माणसं सांभाळायचा. बुटका, कमी बोलणारा माणूस. त्याची एक रीत होती. नुसती यादी वाचून त्याला काही सुचत नसे. यादीतली प्रत्येक वस्तू, जशीच्या तशी, तो कचेरीतल्या लांब टेबलावर मांडायला लावायचा. मग एकेक वस्तू हातात घ्यायचा, तिचं वजन बघायचा, आणि हे सगळं पाठीवर असलेला माणूस कुठे थांबेल, कुठे वळेल, ते नकाशावर बोट ठेवून सांगायचा. आजवर फार चुकला नव्हता.

मामाने दुकानातून तसंच सगळं सामान आणलं. तसाच तंबू होता, तशीच शेगडी होती. बारा मीटरचा दोर मात्र दुकानात दुसरा नव्हता. मामाने खण उघडून दोर हातात घेतला. त्याने तो बाकीच्या सामानात टाकला. तिथे गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं.

कचेरीत नोंदी ठेवणाऱ्या बाई यादी वाचत होत्या आणि मामा वस्तू मांडत होता. ताई समोरच्या बाकावर बसली होती, पथकाची सहा माणसं भिंतीला टेकून उभी होती. तंबू. स्लीपिंग बॅग. शेगडी. बाईंचा आवाज अगदी कोरा होता.

"दोर, बारा मीटर," बाईंनी वाचलं.

मामाने वर पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, नाही म्हणजे टेबलाकडे बघत होते, पण त्याला तसं वाटलं. ताईने त्याच्याकडे पाहून मान हलवली, चालू दे अशी. मामाने दोर टेबलावर ठेवला.

मुकादमाने दोर उचलला, दोन्ही हातांत ताणून पाहिला आणि नकाशाकडे वळला. चांगला दोर आहे, असं तो म्हणाला. एवढा दोर घेऊन निघालेली मुलगी धारेनेच गेली असणार, शनिवारी संध्याकाळी नाहीतर रविवारी सकाळी कडा उतरली असणार, आणि वादळ आल्यावर किनाऱ्यावरच्या एखाद्या गुहेत शिरली असणार. भरतीचं पाणी गुहेत चढतं, तिथेच काहीतरी घोटाळा झालाय. पथकाच्या दोन्ही बोटी पश्चिम किनाऱ्याला.

माणसं निघाली. थांबा, एवढा एक शब्द मामाला हवा होता. तो पुढे सरकला तशी ताईने बाकावरूनच त्याचा हात धरला.

"तू भरलीयस ना सॅक," ती म्हणाली, "मग मी नाही घाबरत."

मामा तिच्याशेजारी बसला. मूग गिळून बसणं म्हणतात ते काय असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. ती दक्षिणेने गेलीच असेल तर दोराचा प्रश्नच येत नाही, असं त्याने मनात धरलं. पण दुपारी रखवालदाराचा दुसरा निरोप आला की दक्षिणेच्या वाटेवर पहिल्या मुक्कामाच्या जागेपर्यंत तो जाऊन आला, तिथे मुक्कामाची एकही खूण नाही. मग मामाने मनात नवीन काहीतरी धरलं. माणसाला असं काही ना काही सापडत राहतं.

गुरुवारी वारा पुन्हा वाढला. बोटी खाडीत शिरल्या, माणसं गुहांमागून गुहा बघत होती, आणि दर तासाला वायरलेसवर तेच उत्तर येत होतं. मामा बाकावर बसून मनात सॅक घेऊन धारेवरून चालत होता. कड्यापाशी पोचला. सॅक उतरवली, वरचं सामान काढलं, मधलं काढलं, तळाची पिशवी काढली, गाठ सोडली. दोर नाही. मग काय करील ती? माघारी फिरायला दीड दिवस, पाणी संपलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि चार पुरुष खाली ओढा वाहताना दिसतोय. ती घळीत उतरील. वाट माझी मी बघते म्हणणारी पोर घळीतच उतरील. हे मामाला इतकं स्पष्ट दिसलं की तो उठून उभा राहिला.

मुकादम खिडकीपाशी वायरलेसवर बोलत होता. मामा त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, कड्याच्या वरच्या अंगाला कुणी बघितलंय का? मुकादमाने त्याच्याकडे दमलेल्या नजरेने पाहिलं. माणसं सहा आहेत, अजून चार गुहा उरल्यात. "दोर असलेला माणूस वर कशाला बसेल, मामा?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं होतं, आणि उत्तराची वाटही पाहिली होती. मामा म्हणाला, नाही, सहज विचारलं. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजून गेले होते. नंतर पुष्कळ दिवस मामाला ते घड्याळ आठवत राहिलं.

लाज ही गोष्ट अशी की ती पहिल्या दिवशी मुठीएवढी असते. बुधवारी सांगितलं असतं तर मी दोर काढला, एवढंच सांगायचं होतं. गुरुवारी सांगायचं म्हणजे दोर काढला आणि काल गप्प बसलो, हेही सांगायला हवं होतं. दर तासाला सांगण्याजोगं वाढत होतं आणि सांगणारा आकसत होता. बावीस वर्षं लोकांच्या पाठीवरचं ग्रॅम ग्रॅम ओझं कमी करणाऱ्या माणसाला हे एक उतरवता येईना.

गुरुवारी संध्याकाळी मुकादम स्वतः बोटीवर गेला आणि शुक्रवारी सकाळी परत आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. तो टेबलाशी बसला. सामान अजून तसंच मांडलेलं होतं. ताई बाहेर नळावर तोंड धुवायला गेली होती, आत नोंदवाल्या बाई आणि मामा दोघंच. गुहा संपल्या, असं मुकादमाने सांगितलं. खाडीच्या वाळूत पाऊल नाही, ओढ्याच्या काठी चूल नाही. ती मुलगी कडा उतरलीच नाही, असं वाटायला लागलंय, पण मग ती गेली कुठे? त्याने यादी पुढे ओढली.

"मामा, ही बरोबर आहे ना?"

"दोर नव्हता," मामा म्हणाला.

मुकादमाने यादीवरचं बोट उचललं.

"दोर मी काढला होता. तिला न सांगता. टेबलावर आहे तो तिचाच."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. मुकादमाने दोराकडे पाहिलं, मग मामाकडे. आरडाओरडा केला असता तर मामाला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, कड्यावर पोचेपर्यंत तिला हे कळलं नसेल? मामा नाही म्हणाला, तळाची पिशवी वाटेत कुणी उघडत नाही, मीच तसं शिकवलंय. मुकादम उठला, वायरलेसपाशी गेला आणि बोटीवरच्या माणसांना म्हणाला, घळ. खाडीतून घळ चढून वर जा. आत्ताच्या आत्ता.

साडेअकराला निरोप आला. सापडली, असा. ताई उभी राहिली आणि मुकादमाच्या तोंडाकडे बघून पुन्हा खाली बसली.

चारच्या सुमारास बोट धक्क्याला लागली. भाचीला कचेरीच्या मागच्या खोलीत आणलं, डॉक्टर आत गेले, ताई आत गेली. मुकादमाने मामाला बाजूला घेतलं. मांडीचं हाड मोडलं होतं, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. घळीच्या निम्म्यावरून पडली असावी, रविवारीच. पडल्यावर सरपटत एका पुढे आलेल्या दगडाखाली गेली, स्लीपिंग बॅगेत शिरली, पावसाचं पाणी भांड्यात धरलं. सगळं व्यवस्थित केलं होतं तिने; शिट्टीही वाजवली असणार, पण त्या वाऱ्यात ऐकू कुणाला जाणार. डॉक्टर म्हणतात, काल दुपारनंतर कधीतरी गेली.

"काल दुपारी आमची माणसं खालीच होती," मुकादम म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं असं त्याच्या लक्षात आलं. मग म्हणाला, तुमच्या बहिणीला मी एवढंच सांगितलंय की सॅकेत दोर नव्हता, म्हणून ती घळीत उतरली, आणि घळीचं तुम्हाला सुचलं. का नव्हता, ते मी बोललो नाही, बाईही बोलणार नाहीत. ते तुमचं तुम्ही बघा.

मामा आत गेला. खोलीत एक कपाट होतं, भिंतीला जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले होते आणि मधोमध दोन टेबलं जोडून त्यावर भाचीला निजवलं होतं. गळ्यापर्यंत चादर होती. ताई स्टुलावर बसून तिच्या केसांतली वाळू बोटांनी काढत होती. रडत नव्हती. रागावत होती, लेकीवर, अगदी रोजच्या आवाजात.

दोर विसरली बघ, असं ती मामाला म्हणाली. एवढं सगळं नेलं आणि नेमका दोर घरी ठेवला. यादीत लिहिला, तुझी सही घेतली, आणि मग कुठेतरी ठेवून दिला असणार, हिचं आधीपासूनच असं. शाळेत जाताना डबा विसरायची. परीक्षेला पेन विसरायची. मी म्हणत होते, एकटी जाऊ नको. माझं कोण ऐकतंय? एवढी अक्कल, एवढ्या मोठ्या नोकऱ्या, आणि एक दोर सांभाळता येत नाही. तिची बोटं केसांतून फिरत होती आणि तोंड चालू होतं, जणू काही लेक आता उठून उलट उत्तर देणार होती.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," ती भावाला म्हणाली. "तू घळीचं ओळखलंस म्हणून सापडली तरी. मुकादम म्हणाले मला. नाहीतर मला एवढीसुद्धा दिसली नसती."

मामा दाराला धरून उभा होता. आता त्याला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते गेल्या तीन दिवसांत त्याला चांगलं जमलं होतं. ताई मरेपर्यंत लेकीला विसराळू म्हणत राहिली असती. पुढे कधीतरी कौतुकानेही म्हणाली असती. मेलेल्या माणसाला काय त्याचं.

"ताई," तो म्हणाला, "ती विसरली नाही. मी काढला दोर. तिला सांगितलं नाही."

ताईची बोटं थांबली. का काढलास, असं ती विचारील म्हणून मामाने उत्तर जुळवून ठेवलं होतं, ग्रॅमांचं आणि सोप्या वाटेचं. तिने ते विचारलं नाही.

"मुकादमांना कधी सांगितलंस?"

"आज सकाळी."

"बुधवारी टेबलावर ठेवलास तो दोर कुठला होता?"

"तोच."

ताई दिवस मोजत होती, हे मामाला दिसत होतं.

"बुधवारी ती जिवंत होती?"

"होती."

"आणि काल?"

"दुपारपर्यंत होती."

ताईने मान हलवली, एखादं माप ऐकून घ्यावं तशी. मग ती स्टूल पुढे ओढून लेकीजवळ सरकली आणि तिच्या कपाळावर हात ठेवून वाकली.

"नाही गं विसरलीस तू," ती म्हणाली. "मी उगाच बोलले तुला. नाही विसरलीस."

असं तिने दोन-तीनदा म्हटलं. नंतर मान न वळवता भावाला म्हणाली, "तू बाहेर थांब."

मामा बाहेर आला. कचेरीत शेजारीपाजारी जमले होते. त्याला पाहून ते बाकावर सरकले, त्याच्यासाठी जागा केली, आणि कुणीतरी त्याला पाणी आणून दिलं.